चाळिसाव्याला घाबरणारं सरकार

सप्टेंबर २०२४च्या अंकात मी पोलिसांच्या ताब्यात असताना गेलेल्या जिना महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूला दोन वर्षं झाल्याच्या निमित्ताने इराणवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, ईमेल आले, काही जणांनी घरी फोन केले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न निवडले आहेत. मला न ओळखणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगते की पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवायचे. पुण्यात इराणी मुलंमुली शिकायला येतात ती कित्येक दशकांपासून. आधी त्यांतली काही माझ्या बाकावर बसली, पुढे माझ्या समोरच्या बाकांवर. इराण मला पुस्तकांतून जेवढा कळला, तेवढाच त्यांच्याकडून.

कोठडीत माणूस मेल्याची बातमी आपल्याकडेही नवी नाही. दोन दिवस ओरड होते, चौकशी लागते, विषय मिटतो. तिथे एका मुलीच्या मृत्यूवरून देश महिनोन्‌महिने रस्त्यावर कसा राहिला?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली

बाई, आलेल्या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न मोलाचा वाटला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी घडलं काय ते. जिना २२ वर्षांची, कुर्दिस्तान प्रांतातल्या सक्केझ गावची. भावाबरोबर नातेवाइकांकडे तेहरानला आली होती. १३ सप्टेंबर २०२२ रोजी मेट्रो स्टेशनाबाहेर 'गश्त-ए-इर्शाद'च्या, म्हणजे पेहराव तपासणाऱ्या पोलिसांच्या गाडीत तिला घातलं. डोक्यावरचा रुमाल नियमाप्रमाणे नव्हता, हे कारण. समज देऊन सोडतो, असं भावाला सांगितलं. काही तासांत ती कोमात गेली आणि १६ तारखेला कासरा रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. सरकार म्हणालं, लहानपणापासूनचं दुखणं होतं. घरचे म्हणाले, मुलगी ठणठणीत होती. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च २०२४मध्ये स्पष्ट लिहिलं की कोठडीतल्या मारहाणीमुळे ती गेली. ही बातमी बाहेर आली ती दोन बाई पत्रकारांमुळे. 'शर्घ' दैनिकाच्या निलूफर हामेदी रुग्णालयात पोचल्या, 'हम-मिहन'च्या इलाहे मोहम्मदी दफनविधीची बातमी करायला सक्केझला गेल्या. दोघींनाही त्यासाठी वर्षाहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला.

१७ तारखेला सक्केझच्या आयची कबरस्तानात जिनाला पुरलं. तिथेच बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत धरले आणि कुर्दी भाषेत घोषणा दिली, 'जिन, जियान, आझादी'. बाई, जीवन, स्वातंत्र्य. म्हणजे देशभरातलं आंदोलन सुरू झालं ते एका मयतीतून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

आपल्याकडे दहावं, तेरावं झालं की घर सुतकातून बाहेर येतं. शिया समाजात चाळिसावा दिवस फार मोठा. करबलात इमाम हुसैन मारले गेले, त्यांच्या चाळिसाव्याला आजही लाखो लोक पायी निघतात. घरातलं माणूस गेलं की सातव्या आणि चाळिसाव्या दिवशी आप्तेष्ट कबरीवर जमतात. आता कल्पना करा की मेलेलं माणूस पोलिसांच्या गोळीने मेलं आहे. सभेला परवानगी लागते, मोर्चाला लागते. मयताला आणि चाळिसाव्याला परवानगी मागायची नसते. रडायला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, आणखी माणसं मेली, की त्यांचे चाळिसावे येतात.

१९७८ साली नेमकं हेच झालं. जानेवारीत एका सरकारधार्जिण्या दैनिकात आयातुल्ला खोमेनी या राजविरोधी धर्मगुरूंची नालस्ती करणारा लेख आला. ९ जानेवारीला कोम शहरात मदरशाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, गावोगावी त्यांचा चाळिसावा पाळला गेला आणि तबरीझ शहर पेटलं. तिथे मेलेल्यांचा चाळिसावा मार्चअखेरीस आला, तेव्हा यझ्द आणि इतर शहरांत तेच. मग मे महिन्यात पुन्हा. वर्ष संपेपर्यंत शहाची गादी डळमळली होती. १६ जानेवारी १९७९ला तो देश सोडून गेला. १ फेब्रुवारीला खोमेनी पॅरिसहून परतले आणि विमानतळावरून थेट गेले कुठे, तर बेहेश्त-ए-झहरा या तेहरानच्या कबरस्तानात. शहाविरुद्ध मेलेल्यांच्या कबरींसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की सरकार आता मी नेमणार.

आज इराणवर राज्य करणारी मंडळी अशी कबरींवरून सत्तेवर आलेली आहेत. चाळिसाव्याची ताकद त्यांना जगात सगळ्यात चांगली ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांची सगळ्यात कडक नजर प्रेतांवर, दफनावर आणि शोक करणाऱ्या घरांवर असते. हे एक सूत्र हाती धरलं की पुढच्या चाळीसएक वर्षांतल्या किती गोष्टी उलगडतात बघा.

१९८८च्या उन्हाळ्यात तुरुंगातल्या हजारो राजकीय कैद्यांना गुपचूप मारलं. बहुतेक जण आधीच शिक्षा भोगत होते. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. तेहरानच्या आग्नेयेला खावरान म्हणून जागा आहे, तिथल्या सामूहिक खड्ड्यांत पुरली. आया तिथे फुलं घेऊन जायच्या तर त्यांना हुसकावलं जायचं, फुलं तुडवली जायची, पुढे ती जमीन बुलडोझरने उकरली गेली. त्या बायकांना 'खावरानच्या आया' म्हणतात. त्यांतल्या कित्येक आपलं मूल नेमकं कुठे पुरलंय हे न कळताच गेल्या.

२००९मध्ये निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून लाखो लोक 'माझं मत कुठे गेलं?' विचारत रस्त्यावर आले. २० जूनला नेदा आगा-सोल्तान गोळी लागून पडली आणि तिचे शेवटचे क्षण मोबाइलमुळे जगाने पाहिले. तिच्यासाठी मशिदीत प्रार्थना ठेवायला घरच्यांना बंदी झाली. ३० जुलैला, चाळिसाव्याला, लोक बेहेश्त-ए-झहरात जमले तर लाठीमार, अश्रुधूर. विरोधी उमेदवार मीर हुसैन मुसावी आले, त्यांना कबरीपाशी बसूही न देता परत पाठवलं. त्याच डिसेंबरात आयातुल्ला मोन्तझेरी वारले. एकेकाळी ते खोमेनींचे ठरलेले वारसदार होते. १९८८च्या हत्यांना त्यांनी तोंडावर विरोध केला, आणि त्या पायी वारसा गेला, पुढे कित्येक वर्षं नजरकैदेत काढली. कोममधली त्यांची अंत्ययात्रा म्हणजे प्रचंड मोर्चाच झाला.

आणि मग २०२२. जिनाच्या चाळिसाव्याला, २६ ऑक्टोबरला, सक्केझकडे जाणारे रस्ते अडवले होते. लोक गाड्या सोडून चालत निघाले, शेतांतून, माळावरून, हजारोंनी. एका गाडीच्या टपावर उभी असलेली, केस मोकळे सोडलेली, पाठमोरी मुलगी तुम्ही फोटोत पाहिली असेल. तो फोटो त्याच दिवशीचा.

नोव्हेंबरात दक्षिण-पश्चिमेच्या इझेह गावात एक नऊ वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर गाडीतून घरी जाताना गोळी लागून मेला. प्रेत शवागारात ठेवलं तर सुरक्षा दलं पळवून नेतील या भीतीने घरच्यांनी ते घरीच ठेवलं, बर्फ लावून. शेजारीपाजारी आपापल्या फ्रीजमधला बर्फ आणून देत होते. सरकार म्हणालं, अतिरेक्यांनी मारलं. आईने दफनाच्या वेळी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, सुरक्षा दलांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. मी दोन मुलांची आई आहे. बर्फाची ती गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

जिनाच्या थडग्यावर कुर्दीत लिहिलं आहे की जिना, तू मरणार नाहीस, तुझं नाव खूण होईल. ते थडगंही नंतर कुणीतरी फोडलं. पहिल्या वर्षश्राद्धाला तिच्या वडिलांना काही तास ताब्यात घेतलं, कबरीवर जाऊ दिलं नाही. डिसेंबर २०२३मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार घ्यायला आईवडील आणि भाऊ निघाले, तर विमानतळावर अडवून पासपोर्ट काढून घेतले.

मी २५ वर्षं फौजदारी वकिली करतो. अटकेपासून २३ दिवसांत फाशी, हे वाचून विश्वास बसेना. कोणत्या कलमाखाली? अपील वगैरे काही प्रकार आहे की नाही?
— एक वकील, नागपूर

कलम आहे, तेच तर भयंकर. इराणच्या दंडसंहितेत 'मोहारेबे' नावाचा गुन्हा आहे. अर्थ : देवाविरुद्ध युद्ध. मुळात शस्त्र उपसून लोकांत दहशत माजवणाऱ्यासाठी ते कलम. शिक्षेचे पर्याय चार : मृत्युदंड, सुळावर चढवणं, उजवा हात आणि डावा पाय तोडणं, हद्दपारी. दुसरा गुन्हा 'पृथ्वीवर भ्रष्टाचार माजवणं'. त्याची व्याख्या इतकी सैल की न्यायाधीश त्यात काहीही बसवू शकतो. हे खटले १९७९पासून चालत आलेल्या क्रांती न्यायालयांत चालतात. 'राष्ट्रीय सुरक्षे'च्या प्रकरणात तपासाच्या टप्प्यावर आरोपीला हवा तो वकील मिळत नाही, न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाने मंजूर केलेल्या यादीतूनच घ्यावा लागतो. कबुलीजबाब टीव्हीवर आधी दाखवतात, निकाल मागून येतो. तो कबुलीजबाब कसा घेतला गेला हे तुम्हाला मी सांगायला नको.

मोहसेन शेकारीवर आरोप होता की त्याने तेहरानमधला एक रस्ता अडवला आणि 'बसीज' या सरकारी निमलष्करी दलाच्या एका जवानाला सुरा मारून जखमी केलं. जवान जिवंत होता. मोहसेनला ८ डिसेंबर २०२२ रोजी फाशी दिली. चारच दिवसांनी मशहदमध्ये मजीदरेझा रहनवार्दला क्रेनला लटकावून, लोकांसमोर. तुम्ही म्हणता ते २३ दिवस त्याचे. दोन जवानांना भोसकून मारल्याचा आरोप होता. अपील झालं, सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला, हे सगळं त्या तेवीस दिवसांत बसवलं. घरच्यांना कळलं ते फाशी झाल्यावर.

तिसरं प्रकरण मी आधीच्या उत्तरात मुद्दाम घेतलं नव्हतं. ३ नोव्हेंबर २०२२ला करज शहरात हदीस नजाफी या आंदोलनात मारल्या गेलेल्या तरुणीचा चाळिसावा होता. पुन्हा चाळिसावाच. तिथल्या गर्दीत बसीजचा एक जवान मारला गेला. जमावाने एका माणसाला ठार मारलं, हे खरं आहे, त्यावर पांघरूण घालू नये. पण त्या एका खुनासाठी पंधरासोळा जणांवर एकत्र खटला, काही दिवसांत सुनावणी आटोपून पाच जणांना मृत्युदंड, आणि ७ जानेवारी २०२३ला मोहम्मद मेहदी करामी आणि सय्यद मोहम्मद हुसैनी या दोघांना फाशी. करामी २२ वर्षांचा, कराटे खेळायचा. त्याच्या वडिलांनी वकील मिळावा म्हणून जाहीर विनवणी केली होती. मुलगा गेल्यावर ते रोज कबरीवर जात, लोक त्यांना भेटायला येत. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनाही आत टाकलं.

वकीलसाहेब, सरकारविरुद्धचा गुन्हा आणि देवाविरुद्धचा गुन्हा यांतली रेघ पुसली की बचावाला जागाच उरत नाही. सरकार चुकलं असा युक्तिवाद तुम्ही न्यायालयात करू शकता. देव चुकला असा कसा करणार? १९८८मध्ये तर डाव्या कैद्यांना विचारलेले प्रश्न असे होते : तू मुसलमान आहेस का? नमाज पढतोस का? उत्तरावर जगणं-मरणं ठरायचं. मोन्तझेरींनी हा फैसला करणाऱ्या समितीला समोर बसवून सांगितलं होतं की इस्लामी प्रजासत्ताकाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा गुन्हा तुमच्या हातून घडतो आहे. ते ध्वनिमुद्रण २०१६मध्ये बाहेर आलं. त्या खोलीत बसलेल्यांपैकी एक इब्राहिम रईसी. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, जिनाच्या वेळीही तेच होते. मे २०२४मध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेले.

मी स्वतः हिजाब घालते, माझ्या मर्जीने. इराणच्या मुली रुमाल जाळतात ते पाहून वाईट वाटतं. त्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ते व्हिडिओ खास आम्हाला डिवचायला टाकतात. मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?
— बी.कॉम.ची विद्यार्थिनी, मिरज

तुला वाईट वाटणं मी समजू शकते, आणि डिवचणाऱ्यांची मला चीड येते. जिनाच्या मरणाचं हत्यार करून शेजारच्या बाकावरच्या मुलीला टोचणारी मुलं इराणच्या बायकांच्या बाजूची मुळीच नाहीत.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. १९३६मध्ये आधीच्या शहाने, रेझा शहाने, फर्मान काढलं की बायकांनी चादर-बुरखा घालायचा नाही. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढून काढायचे. कित्येक घरांतल्या बायकांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. माझ्या एका विद्यार्थिनीची पणजी त्यांतली. नात्यातल्या पुरुषांनी गच्चीवरून हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, नेली तर ती आंघोळीला जायची, रस्त्याने नाही. आणि १९८३मध्ये त्याच देशात कायदा आला की डोकं झाकलं नाही तर ७४ फटके. पणजीच्या डोक्यावरून पोलिसाने ओढलं, पणतीच्या डोक्यावर पोलिसाने लादलं. बाईच्या डोक्याशी पोलिसाचं काय काम, हा त्या मुलींचा प्रश्न आहे. तुझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर कर्नाटकात २०२२ साली शाळा-कॉलेजच्या दारात मुलींना हिजाब काढायला लावला, तेव्हाही मी हेच लिहिलं होतं. मी त्या त्या मुलीच्या बाजूची.

मोर्चांमध्ये चादर घेतलेल्या बायकाही होत्या, हे त्या व्हिडिओंत दाखवत नाहीत. झाहेदानचं तर कुणी नावही घेत नाही. पाकिस्तानच्या सीमेजवळचं हे बलुच, सुन्नी लोकांचं शहर. ३० सप्टेंबर २०२२ला जुम्म्याची नमाज आटोपून लोक मक्की मशिदीजवळच्या पोलीस ठाण्यासमोर जमले. गोळीबार झाला, नमाजाच्या मैदानातही. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने त्या एका दिवसाचे किमान ६६ मृत मोजले, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर कित्येक महिने दर शुक्रवारी नमाजानंतर तिथे मोर्चा निघत राहिला. नमाज पढून उठलेल्या माणसांवर स्वतःला इस्लामी म्हणवणारं सरकार गोळ्या झाडतं. तुझ्या ग्रुपवर कुणी पुन्हा व्हिडिओ टाकला तर त्याला झाहेदानबद्दल विचार.

ही सगळी अमेरिका-इस्रायलची खेळी नसेल कशावरून? शिवाय खोमेनींना डोक्यावर घेतलं ते त्याच जनतेने. आता तक्रार कसली?
— एक वाचक, रत्नागिरी

पहिली शंका अगदी पोकळ नाही. १९५१मध्ये इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांनी ब्रिटिशांच्या हातातलं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं आणि १९ ऑगस्ट १९५३ला अमेरिका-ब्रिटनच्या गुप्तचरांनी घडवलेल्या उठावात त्यांचं सरकार पाडलं गेलं. सीआयएनेही पुढे हे मान्य केलं. पुढची पंचवीस वर्षं अमेरिकेच्या आधारावर शहाने आणि त्याच्या 'सावाक' या गुप्त पोलिसांनी लोकांना छळलं. ही जखम खरी आहे, आणि म्हणूनच आजचं सरकार प्रत्येक मोर्चाला 'परकीय हात' म्हणून मोकळं होतं. पण नोव्हेंबर २०१९मध्ये एका रात्रीत पेट्रोल दीडपट आणि कोट्याबाहेर तिप्पट महाग कुणी केलं? बाहेरच्या निर्बंधांनी लोक पिचलेले होतेच, त्या दरवाढीने गरीब वस्त्या पेटल्या. सरकारने आठवडाभर इंटरनेट जवळपास पूर्ण बंद केलं आणि त्या अंधारात तीनशेहून अधिक माणसं मारली. हा ॲम्नेस्टीने नावनिशीवार नोंदलेला किमान आकडा. रॉयटर्सच्या बातमीत तो दीड हजारांच्या घरात होता.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. हो, डोक्यावर घेतलं. १९७८मध्ये माझ्या वर्गातला शिराझचा एक मुलगा खोमेनींच्या भाषणाच्या कॅसेट लपवून आणायचा आणि आम्हाला ऐकवायचा. तो स्वतः डावा, नमाजही न पढणारा. शहा जाऊदे, पुढचं पुढे, म्हणायचा. मार्च १९७९च्या अखेरीस 'इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही' एवढ्या एकाच प्रश्नावर सार्वमत झालं. प्रजासत्ताक म्हणजे नक्की काय, घटना कशी असेल, हे मत देताना कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याच्याही तीन आठवडे आधी, ८ मार्चला, हिजाब सक्तीच्या बातमीवरून तेहरानच्या हजारो बायका बर्फ पडत असताना रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा बहुतेक पुरुष नेते, डावेसुद्धा, म्हणाले की आत्ता हा बायकांचा प्रश्न काढू नका, क्रांती महत्त्वाची. माझा वर्गमित्र त्याच वर्षी परत गेला. १९८१नंतर त्याचं पत्र आलं नाही.

आज रस्त्यावर येणाऱ्यांतले बहुतेक त्या सार्वमतानंतर जन्मलेले आहेत. आजोबांनी दिलेलं मत नातीच्या गळ्यात बांधायचं, हे मला पटत नाही.

निवडणुका होतातच ना तिथे? मतपेटीतून का बदलत नाहीत?
— ईमेलवरून, ठाणे

होतात. पण उमेदवार कोण असावा हे गार्डियन कौन्सिल नावाचं बारा जणांचं मंडळ ठरवतं. त्यांतले सहा धर्मगुरू सर्वोच्च नेता, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्याही वरचा धर्मगुरू, नेमतो, उरलेले सहा कायदेपंडित न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि त्या प्रमुखालाही सर्वोच्च नेताच नेमतो. आयातुल्ला खामेनेई १९८९मध्ये त्या पदावर आले. २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी ८० अर्ज आले, मंजूर झाले सहा, त्यात बाई एकही नाही. पहिल्या फेरीत जेमतेम ४० टक्के मतदान झालं, १९७९पासूनचं राष्ट्राध्यक्षपदाचं सगळ्यात कमी. पेझेश्कियान निवडून आले, ते तुलनेने मवाळ आहेत. पण सैन्य, रिव्होल्यूशनरी गार्ड हे राजवटीच्या रक्षणासाठीचं वेगळं सैन्य, न्यायालयं, सरकारी टीव्ही, यांतलं काहीच राष्ट्राध्यक्षाच्या हातात नसतं.

आमच्या सोसायटीत दोन इराणी मुली भाड्याने राहतात. बोलायला छान आहेत, पण देशाचा विषय निघाला की गप्प होतात. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो? आणि आपला देश काही करतो का?
— एक गृहिणी, कोंढवा, पुणे

देशाचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. २४ नोव्हेंबर २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत सत्यशोधन पथक नेमायचा ठराव आला. २५ देश बाजूने, ६ विरोधात, १६ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. इराणमधलं चाबहार बंदर, तिथून मध्य आशियाचा रस्ता, ही कारणं मला समजतात. तरीही तटस्थ राहायला नको होतं असं माझं मत आहे. त्याच पथकाने पुढे किमान ५५१ मृत्यू नोंदले, त्यांत ४९ बायका आणि ६८ मुलं. छऱ्यांनी डोळे गेलेले शेकडो वेगळेच. आणि १६ सप्टेंबर २०२४ला खामेनेईंनी भारतातल्या मुसलमानांच्या हालांबद्दल विधान केलं तेव्हा आपल्या परराष्ट्र खात्याने लगेच सुनावलं की आधी स्वतःकडे बघा. तो दिवस जिनाच्या दुसऱ्या स्मृतिदिनाचा होता. तिच्यासाठी मात्र आपल्याकडून एक शब्द निघाला नव्हता.

आता तुमच्या मुली. त्या गप्प का होतात ते नोव्हेंबर २०१९मध्ये माझ्या स्वयंपाकघरात मी पाहिलं आहे. इस्फहानची एक विद्यार्थिनी तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती, कारण खोलीवर एकटीला राहवत नव्हतं. आईला पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या मेसेजला दिवसचे दिवस एकच टिक. शेवटी घरच्या लँडलाइनवर फोन लागला. मी शेजारीच भाजी निवडत होते. आईने सांगितलं, हवा छान आहे, मावशीकडे सगळे बरे आहेत, तू अभ्यास कर. मिनिटभरात फोन संपला. ती म्हणाली, "बाई, मला मावशीच नाही." भाऊ घरी आलेला नाही, असा त्याचा अर्थ तिने लावला, आणि तो बरोबर निघाला. तीन आठवड्यांनी तो सुटला, पण काय झालं ते त्याने कधीच सांगितलं नाही. फोन ऐकला जातो, घरी चौकशीला माणसं येतात, परदेशात शिकणाऱ्या मुलीने कुठे काय लिहिलं याचा जाब वडिलांना विचारतात. त्यामुळे त्या तुमच्याशी बोलत नाहीत म्हणून रागावू नका.

करण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका, कौतुकाने टाकत असाल तरीही. त्या घरी फोनवर बोलत असताना मागून इराणच्या सरकारबद्दल काही बोलू नका. निर्बंधांमुळे इराणहून बँकेतून पैसे पाठवणं फार अवघड असतं, म्हणून भाडं आठवडा-दोन आठवडे मागेपुढे झालं तर मालकाशी बोलून सांभाळून घ्या. व्हिसाची मुदत वाढवायला पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, त्याला भाडेकरार आणि मालकाची कागदपत्रं लागतात. पुष्कळ मालक ती द्यायला टाळाटाळ करतात, आणि त्यापायी मुली रडकुंडीला येतात. त्या कामी मदत करा. मार्चमध्ये नवरोझला, म्हणजे इराणी नववर्षाला, त्यांना घरी बोलवा. आणि त्या आपणहून बोलायला लागल्या तर मध्ये प्रश्न न विचारता ऐका. त्यांच्यापैकी कुणाला काही अडचण असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा, या कामात मदत करणारे पुण्यातले दोन वकील माझ्या ओळखीचे आहेत.